दुपारी एक ते चार कुणाकडे जाऊ नका

ताई, सलाम. निवृत्तीनंतर तुम्ही दोघं दीड वर्षासाठी गोव्यात ख्रिस्ती सेवेला निघालात, घर म्हापशाजवळ मिळतंय, आणि दिवस कसा जातो, गाडी न्यावी का, असं विचारलंत. आम्ही दोघं नगरहूनच गेलो होतो. पेन्शनवर दोन वर्षं वास्कोत काढली. त्यावरून सांगते.

गाडी निदान पहिले दोन महिने नेऊ नका. आमच्या ह्यांनी हट्टानं स्कूटर नेली, ती पहिल्याच पावसाळ्यात गंजली. पण बरंच झालं, कारण माणसं भेटली ती बसमध्ये. पणजी–मडगाव, पणजी–वास्को कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी एसटीच्या, शटल गाड्या आहेत. त्यांचं तिकीट गाडीत बसण्याआधी खिडकीवर घ्यायचं, रांग लावून. आतल्या गावांना खासगी बस जातात, मात्र त्या लवकर संपतात. संध्याकाळची घरभेट ठरवताना परतीची शेवटची बस कितीची, हे आधी विचारा. आम्ही एकदा अडकलो आणि दोन ‘पायलट’ करून परत आलो. म्हणजे काळी-पिवळी मोटारसायकल, भाड्याची. मी नऊवारीत नव्हते म्हणून निभावलं!

दिवाडीला जायचं तर फेरीबोटच. ते बेट आहे, तिथं जायला पूल नाही; पायी जाणाऱ्याला पैसे पडत नाहीत. सकाळी पहाटेच पाववाला पोदेर सायकलचा भोंपू वाजवत येतो. पोयी, म्हणजे कोंड्याचा पाव, घ्या, चहाबरोबर फार छान लागते. घरभेटी दहा ते साडेबारा आणि संध्याकाळी पाचनंतर. दुपारी एक ते चार दुकानं बंद, माणसं झोपलेली. नगरच्या सवयीनं आम्ही एकदा अडीचला दार वाजवलं. आजींनी उघडलं, बसवलंही, पण पुढचे दोन महिने त्या आमच्याशी जरा तुटकच वागत होत्या.

जुन्या घरांना पुढं बाल्कांव असतो, दगडी बाकांचा ओटाच म्हणा. तिथं बसूनच बोलणं होतं, आत बोलावलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका. मुलं आखातात किंवा इंग्लंडला, घरात एकटी म्हातारी माणसं. त्यांना उपदेश नको असतो. औषधाची चिठ्ठी वाचून दाखवणारं, बांबोळीच्या सरकारी इस्पितळात सोबत येणारं कुणीतरी हवं असतं. आमचं निम्मं काम तेच होतं, आणि तेच मला खरं वाटलं.

भाषेचं म्हणाल तर मराठी समजते बहुतेकांना, डिचोली-साखळीकडे वाचतातही. पण कॅथलिक घरांत प्रार्थना कोंकणीत, तीही रोमी लिपीत. इंग्रज मिशनरी फादर स्टीफन्सनी १६१६ साली रायतूरला छापलेलं ख्रिस्तपुराण मराठीत आहे, हे आमचे हे भेटेल त्याला सांगायचे. ऐकून घ्यायचे सगळे, बोलायचे मात्र कोंकणीतच. ‘देव बरें करूं’ एवढं आधी शिका, आभार मानायला.

आता कुणी सांगत नाही ते. ह्यांची नोकरी बँकेत, माझी शाळेत. छत्तीस वर्षांच्या संसारात आम्ही दिवसाचे चार-पाच तासच समोरासमोर असायचो. वास्कोच्या दोन खोल्यांत चोवीस तास! तिसऱ्याच आठवड्यात कडाक्याचं भांडण झालं, तेही सकाळच्या प्रार्थनेआधी. विषय काय, तर घरभेटीत बोलायचं कुणी. मग वाटणी केली. आजारी बाई असेल तिथं मी बोलायचं, हे गप्प. इतर ठिकाणी उलट. आणि बुधवारी सेवा नाही, एकमेकांची सोबतही नाही. हे मासळीबाजारात, मी बोगमाळोच्या समुद्रावर. ही सुट्टी पहिल्या दिवसापासून ठरवून टाका, भांडणाची वाट बघू नका.

पावसात ‘उपासना संगीत’ या आपल्या गीतांच्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर बुरशी धरली, म्हणून पुस्तकं झाकणाच्या डब्यात ठेवा. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, तेव्हा मे महिन्यातच शेजारणीबरोबर जाऊन सुकी मासळी, मिरच्या, सोलं भरून ठेवा. त्याला तिथं पुरुमेंत म्हणतात.

जाताना नगरहून गोवा एक्स्प्रेस थेट आहे. तुम्ही मडगावला उतरा, पणजीवरून म्हापसा दोन बसचा प्रवास. सामान कमी ठेवा. आणि घरमालकाला भाडेकरू पडताळणीचा अर्ज पहिल्याच आठवड्यात पोलिस ठाण्यात द्यायला लावा. आमचा राहून गेला होता, तीन फेऱ्या पडल्या.