अनुवादातल्या माणसांनी मालवणी बोलावं का?

प्रश्न : होन्नावरच्या किनाऱ्यावर घडणारी एक कन्नड कादंबरी मराठीत आणतो आहे. त्यातले मच्छीमार तिथल्या बोलीत बोलतात. त्यांच्या तोंडी मालवणी घालू का? शेवटी होडी बुडते, तो भाग फार हलवणारा आहे. लेखक १९७० साली वारले. आता परवानगी लागेल का?
– एक निवृत्त शिक्षक, देवगड

उत्तर : मालवणी नको, गुरुजी. वेंगुर्ल्यात घरी दिवसभर मी तीच बोलते, तरी सांगते. मच्छिंद्र कांबळींच्या ‘वस्त्रहरण’नं मालवणी घाटावर पोचवली, हे उपकार मोठेच. पण पुण्याकडचा वाचक आता मालवणी दिसली की आधीच हसायच्या तयारीत बसतो. तुमची होडी बुडताना कुणी हसलेलं चालेल? शिवाय मालवणी बोलू लागली की ही माणसं देवगडच्या गाबितवाड्यातली, म्हणजे आपल्याकडच्या मच्छीमारवस्तीतली होणार. मग ती होन्नावरला, शरावती नदीच्या मुखाशी काय करतायत?

शब्द साधे मराठीच ठेवा, बोलण्याची ठेवण मात्र दर्यावरची हवी. आमच्या शेजारी एक म्हातारे तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, आहेत. माझ्या अनुवादातली समुद्राची पानं मी त्यांना वाचून दाखवते. मागे एका संवादात मी लिहिलं होतं, ‘वाऱ्याची दिशा बदलत असल्यामुळे आपण जाळी आत घ्यायला हवीत.’ ते म्हणाले, ‘‘असा खंय कोण बोलता गे? वारो फिरलो तर तांडेल जाळां घेवक सांगतलो, भाषण देवचो नाय.’’ आता ते वाक्य असं आहे : ‘वारा फिरला. जाळी घ्या आत!’ यात बोलीचा एकही शब्द नाही, पण माणूस होडीत उभा आहे. तुम्हालाही देवगडात असा ऐकणारा मिळेल. चहा मात्र पाजावा लागतो.

कादंबरीत रापण असेल तर तळटीप देत बसू नका. होडीनं अर्धगोल जाळं टाकायचं आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसांनी ओढायची, हे तिकडेही तसंच चालतं, नावही ‘रंपणी’. ओढतानाचं एक वाक्य नीट उतरलं की घाटावरच्या वाचकालाही कळतं.

परवानगी लागेलच. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट राहतो, म्हणजे तुमच्या लेखकाचा २०३० अखेरपर्यंत. अनुवादाचा हक्क त्यातच येतो. तो वारसांकडे आहे की प्रकाशकाकडे, हे आधी शोधा. पुरं पुस्तक उतरवून मग विचारायला जाऊ नका. भाषा, आवृत्ती, मुदत, मानधन सगळं लेखी घ्या. रीतसर परवानगीनं केलेल्या अनुवादावर तुमचाही वेगळा कॉपीराइट असतो. तो मराठी प्रकाशकाला कायमचा लिहून देऊ नका, आणि मुखपृष्ठावर तुमचं नाव येणार का, हे करारावर सही करण्याआधी विचारा.