वडिलांची 1986 ची पद्मिनी ठेवू की विकून नवी गाडी घेऊ? जुन्या व्हिंटेज गाडीचं लोखंड जास्त सुरक्षित असतं ना?

आधी एक दुरुस्ती. तुमची पद्मिनी जुनी आहे, व्हिंटेज नाही. 2021 च्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटल्यावरच गाडीला व्हिंटेजची ‘व्हीए’ पाटी मिळू शकते. म्हणजे 2036 पर्यंत थांबा.

आमच्याकडे अंबाजोगाईला दोन्ही आहेत. अण्णांची पद्मिनी आणि माझी चार वर्षांची हॅचबॅक. पद्मिनीचं इंजिन 1089 सीसी, ताकद जेमतेम 40 हॉर्सपॉवर. आजच्या 1.2 लिटरवाल्या गाड्यांत तिच्या दुप्पट असते. तरी स्टिअरिंगच्या दांड्यावरचा तो गिअर टाकताना जी मजा येते, ती माझ्या गाडीत नाही.

आता त्रास. मे महिना, बीड सोडून मांजरसुंब्याचा घाट चढत होतो, गाडी धक्के खात बंद. अण्णा शांतपणे उतरले, बोनेट उघडलं, डिकीतलं फडकं पाण्यात भिजवून इंजिनला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपावर गुंडाळलं. मी किल्ली फिरवायला गेलो तर म्हणाले, “ती दमायली रे, दम खाऊ दे तिला.” वीस मिनिटांनी एका फटक्यात चालू! हा त्या कंपनीचा दोष नव्हे, तेव्हाच्या कार्बोरेटरवाल्या (म्हणजे पेट्रोल-हवा मिसळायचा जुना भाग असलेल्या) बहुतेक गाड्यांचं हेच. पंप इंजिनला चिकटून असायचा, उन्हात आतल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि वाफ काही पंपाला ढकलता येत नाही. नव्या गाड्यांत पंप टाकीतच असतो, म्हणून ही भानगड सहसा होत नाही.

पण माझ्या गाडीची इंजिनातला बिघाड दाखवणारी पिवळी लाईट एकदा रात्री केजजवळ लागली आणि पिकअपच गेला. मिस्त्री बिचारा बोनेटखाली टॉर्च मारून बघत राहिला. शेवटी म्हणाला, “स्कॅनर लावल्याशिवाय हात लावत नाही.” तीस-चाळीसच्या वेगाने रांगत घरी आलो. फडक्याचा काही उपयोग नव्हता.

आता लोखंडाचं. पत्रा जाड म्हणून माणूस वाचतो, हा आपल्याकडचा मोठा गैरसमज. 2009 मध्ये अमेरिकेतल्या आयआयएचएस या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने 1959 ची शेव्हरोले बेल एअर आणि 2009 ची मॅलिबू समोरासमोर आदळवली. बेल एअर जुनी, अवाढव्य. तिची केबिनच आत दबली. तिचा चालक जिवंत राहिला नसता. मॅलिबूच्या चालकाचं पायाच्या दुखापतीवर भागलं असतं. नवी गाडी पुढून मुद्दाम चुरगळते, धक्का स्वतः खाते, माणूस बसतो तो भाग शाबूत ठेवते. पद्मिनीचं मूळ 1960 च्या दशकातल्या फियाटचं. त्यात ना एअरबॅग, ना एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय), चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक. ब्रेकवर तर अक्षरशः उभं राहावं लागतं.

म्हणून लेकरं घेऊन हायवेला जायचं असेल तर नवी घ्याच, यात मला शंका नाही. पद्मिनी मात्र विकू नका. रविवारी गावात फिरवा. फक्त तिचे रबरी पेट्रोल पाईप आणि पंपाचा पडदा इथेनॉलला टिकणारा बघून बदलून घ्या. हल्ली पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं (ऊस आपलाच, बोलायचं कुणाला!), आणि जुनं रबर त्याने फुगतं, चिरतं. इंजिनवर पेट्रोल ठिबकायला लागलं तर फडकं भिजवून भागायचं नाही.