रंगवलेलं मेंढीचं चामडं 4105 मध्ये जातं की 4112 मध्ये?

तुम्ही इटलीहून जॅकेटांसाठी कोकराचं काळं चामडं मागवताय. पुरवठादार इन्व्हॉइसवर सीमाशुल्क वर्गीकरणाचा आकडा म्हणून 4105 लिहितो आणि तुमचा सीएचए (सीमाशुल्काची कागदपत्रं भरणारा एजंट) म्हणतो, "रंगवलंय, म्हणजे 4112." मी न्हावा-शेव्याला हेच काम करतो. सीएचएचा आकडा कदाचित बरोबर निघेल, पण त्याचं कारण चुकीचं आहे.

नुसत्या रंगावर काही ठरत नाही. सीमाशुल्क दरपत्रकाच्या 41व्या प्रकरणाच्या दुसऱ्या टिपेत स्पष्ट म्हटलंय की वाळवण्याआधी पुन्हा कमावलेलं, रंगवलेलं किंवा तेल-चरबी मुरवलेलं कातडं 'क्रस्ट'मध्येच (म्हणजे कमावून वाळवलेल्या, पण फिनिश न केलेल्या चामड्यात) धरायचं. ड्रममध्ये काळं केलं, वाळवलं आणि काम तिथेच थांबलं, तर ते 4105.30. खरा प्रश्न वाळल्यानंतर काय झालं हा आहे. त्यावर फिनिशचा थर मारला, बफिंग करून स्वेड काढलं, ग्लेझ केलं किंवा प्रेसवर ठसा उठवला, तर 4112. जॅकेटाचा नप्पा (मऊ, गुळगुळीत चामडं) बहुधा असा पूर्ण तयार होऊनच येतो, म्हणून मला 4112 ची शक्यता जास्त वाटते.

ओलं बोट फिरवून बघायची सवय आमच्याकडे अनेकांना आहे. क्रस्ट पाणी पटकन पितं, थर असलेलं उशिरा. पण स्वेडही पाणी पितं आणि ते तर 4112 मध्ये आहे, त्यामुळे बोटावर विसंबू नका. आमच्याकडे एका मालाच्या इन्व्हॉइसवर नुसतं 'लॅम्ब लेदर, ब्लॅक' होतं. आम्ही क्रस्ट म्हणून भरलं आणि तपासणीत थर निघाला. दुरुस्ती होईपर्यंत कंटेनर अडकून पडला, आणि भुर्दंड ग्राहकाला बसला. तेव्हापासून मी टॅनरीची प्रोसेस शीट हातात आल्याशिवाय बिल ऑफ एंट्री (आयातीचं सीमाशुल्क घोषणापत्र) भरत नाही. वर्गीकरण आपणच जाहीर करायचं असतं, आणि चुकलं तर सीमाशुल्क कायद्याच्या कलम 111(m) खाली माल जप्तही होऊ शकतो.

निर्यातीत हा फरक थेट पैशांचा होता. क्रस्टवर 20 टक्के निर्यात शुल्क होतं, ते 2025-26च्या अर्थसंकल्पात काढलं. तोवर क्रस्ट की फिनिश्ड, यावर मालाच्या किमतीचा पाचवा हिस्सा ठरायचा.

बाकी, लोकर ठेवून कमावलेलं असेल तर 41 सोडा, ते 4302. आरशासारखं चकाकणारं पेटंट लेदर आणि गाडी पुसायचं शॅमॉय 4114 मध्ये. बकरीचं तयार चामडं 4113.10. फिनिश झाल्यावर बकरी आणि मेंढी डोळ्यांनी ओळखणं कठीण, म्हणून जनावराचं नावही इन्व्हॉइसवर लिहून घ्या. हाच माल वारंवार येणार असेल तर मुंबईतल्या सीमाशुल्क अ‍ॅडव्हान्स रुलिंग प्राधिकरणाकडे वर्गीकरणाच्या निर्णयासाठी आधीच अर्ज करा.

तुमच्या पुरवठादाराकडून शीट मागवा आणि वाळवल्यानंतरच्या ओळीत काय लिहिलंय ते इथे टाका, मग आकडा नक्की सांगतो.