शिरपेचात तुरा खोवतात तो नेमका कुठे?

'शिरपेच हा दागिना, तुरा हाही दागिना. मग शिरपेचात तुरा कसा खोवणार? पगडीत तुरा असं हवं ना?' एका शिक्षिका मैत्रिणीने विचारलं. विद्यार्थ्याने निबंधात 'शिरपेचात मानाचा तुरा' असं लिहिलं होतं; त्यातला 'शिरपेच' खोडून तिथे 'पगडी' करावं का, हे तिला ठरवायचं होतं.

खोडू नकोस. मुलाने लिहिलंय ते बरोबर आहे, आणि किती नेमकं आहे ते शिरपेच उलटा करून पाहिला की कळतं.

आधी शब्द. फारसीत 'सर' म्हणजे डोकं आणि 'पेच' म्हणजे पीळ, वेढा. कुस्तीतला पेच, पतंगांचे पेच, आपण ज्यात सापडतो तो पेच, सगळे त्याच घरातले. 'सर'चं आपण 'शिर' केलं. संस्कृत शिरस् आणि फारसी सर हे मुळातच सख्खे भाऊबंद, त्यामुळे कानाला काही खटकलं नाही. सररिश्तादाराचा शिरस्तेदार असाच झाला. सरदार, सरकार, सरनोबत मात्र 'सर'च राहिले. तुरा हा अरबी 'तुर्रा'वरून आला. त्याचा मूळ अर्थ कपाळावरची केसांची बट, झुलपं. म्हणून कोंबड्याला तुरा असतो आणि उसालाही येतो.

आता वस्तू. मुघल बादशहा पागोट्यात बगळ्याची काळी पिसं खोवत. जहांगीरच्या काळात पिसाच्या टोकाला मोती लटकवून ते मागे झुकवायची पद्धत आली. पुढे सोनारांनी पिसाचा तो बाकच सोन्यात घडवला. शिरपेचाचा शेंडा कुयरीसारखा एका अंगाला कललेला असतो आणि टोकाला मोती किंवा पाचूचा लोलक डुलतो, तो यामुळे. मला हे फार सुंदर वाटतं: पीस नसलं तरी पिसाचं वाकणं राहिलं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात शहाजहानचं 1616-17च्या सुमाराचं चित्र आहे, तो शहजादा खुर्रम असतानाचं. त्यात त्याने असाच एक दागिना दोन बोटांत धरलाय. अंगावर इतकी रत्नं असताना तो पाहतोय त्या एकाकडे.

एकदा एका सराफाच्या पेढीवर जुना शिरपेच हातात घ्यायला मिळाला. पुढून कुंदनकाम: शुद्ध सोन्याच्या पातळ पट्ट्या दाबून हिरे बसवलेले. पाठीवर पांढऱ्या मिन्यावर लाल फुलं, हिरवी पानं. पागोट्यावर बांधल्यावर ती बाजू कुणालाही दिसणार नाही, तरी पाकळी न् पाकळी रेखलेली. दोन्ही टोकांना कड्या. त्यांतून रेशमी दोरी ओवून शिरपेच पागोट्याभोवती बांधायचा. इथे 'पेच' शब्द डोळ्यांना दिसतो. आणि पाठीच्या मधोमध उभी, बोटाच्या पेराएवढी पोकळ नळी. तिच्यात पिसांचा तुरा खोवायचा! सगळ्याच शिरपेचांना ती नसते, पण कितीतरी जुन्यांना असते. तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या नळीत आहे.

'मानाचा' हा शब्दही भरतीचा नाही. हे दागिने बाजारातून आणून मिरवायचे नव्हते, ते वरून मिळत. मराठी दरबारातही वस्त्रांबरोबर शिरपेच, कलगी, तुरा देऊन गौरव होई. बंगालचा नवाब मीर जाफरने 1757 साली इंग्रज अ‍ॅडमिरल वॉटसनला असे पागोट्याचे दागिने दिले. हा वॉटसन म्हणजे फेब्रुवारी 1756मध्ये विजयदुर्गावर तुळाजी आंग्र्यांचं आरमार जाळणारा. टोपी घालणाऱ्या माणसाला शिरपेच! पण तो घालण्यासाठी नव्हताच, मान देण्याघेण्याची ती भाषा होती.

कलगी आणि तुरा आपल्या शाहिरांनीही घेतले. कलगीवाले शक्तीला थोर मानतात, तुरेवाले शिवाला, आणि रात्रभर सवालजवाब झडतात. त्यावरून दोघांच्या भांडणाला 'कलगीतुरा रंगला' म्हणायची सवय लागली.

लाल शाई वापरायचीच असेल तर निबंधात क्रियापद तपास. 'तुरा रोवला' असं हल्ली सर्रास छापून येतं. रोवतात तो खांब, झेंडा, मेढ. तुरा खोवतात, जसं केसात फूल किंवा कमरेला पदर.