"पॉलिमर-आधारित" म्हणावं का? आणि लेप, थर, पटल यातलं काय कुठे वापरायचं

प्रश्न असा आलाय की एका लेखाचं शीर्षक मराठीत "पॉलिमर-आधारित लेपन द्रावणांपासून पातळ फिल्म व नॅनोपदार्थांची निर्मिती" असं केलंय ते बरोबर वाटतं का, आणि फिल्मला, म्हणजे एखाद्या पृष्ठभागावर बसवलेल्या अतिशय पातळ आवरणाला, मराठीत लेप म्हणायचं, थर म्हणायचं, मुलामा, पापुद्रा की पटल. विचारणाऱ्यांनी हे पाचही शब्द एकमेकांना पर्याय म्हणून दिलेत, पण माझ्या मते यातले तीन शब्द एकाच प्रक्रियेत तीन वेगवेगळ्या जागी लागतात, आणि शीर्षकातली खरी अडचण फिल्मपेक्षा त्या "आधारित" मध्ये आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

आधी अशा द्रावणातून फिल्म बनवायच्या पद्धतीत होतं काय ते थोडक्यात, नाहीतर शब्दांवरचं बोलणं हवेत राहील. धातूचे आयन पाण्यात घ्यायचे, त्यात पाण्यात विरघळणारा पॉलिमर, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंचा पदार्थ, घालायचा, पॉलिएथिलीनइमीन म्हणजे पीईआय हा त्यातला नेहमीचा, त्याच्या साखळीतले नायट्रोजन अणू धातूच्या आयनांना धरून ठेवतात. काही धातू असे थेट धरले जात नाहीत, मग मध्ये ईडीटीए नावाचं रसायन घालतात, ते धातूला कवेत घेतं आणि मग ती जोडी पॉलिमरला चिकटते. नंतर हे सगळं अगदी बारीक छिद्रांच्या पडद्यातून दाबाखाली गाळायचं, म्हणजे सुटे आयन, नको असलेले क्षार असले लहान लहान कण खाली निघून जातात आणि वर पॉलिमर व त्याने धरलेला धातू एवढंच राहतं. हे द्रावण सबस्ट्रेटवर, म्हणजे ज्या चकतीवर फिल्म हवी तिच्यावर, टाकायचं, सबस्ट्रेट मिनिटाला दोन-तीन हजार फेऱ्यांच्या वेगाने फिरवायचा, ओला लेप सारखा पसरला की भट्टीत ठेवायचं. साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे पॉलिमरच्या साखळ्या तुटून वायूच्या रूपात निघून जातात आणि सबस्ट्रेटवर मागे राहतं ते धातूचं ऑक्साइड. अमेरिकेतल्या लॉस अलामोस नॅशनल लॅबोरेटरीतल्या संशोधकांनी २००४ मध्ये नेचर मटेरिअल्स या नियतकालिकात ही पद्धत मांडली, नाव पॉलिमर असिस्टेड डिपॉझिशन, बोलताना पीएडी.

आता बघा शेवटी हातात काय आलं. टायटॅनियम ऑक्साइडचं किंवा आणखी कशाचं तरी पटल. त्यात पॉलिमर नाही, आणि नसावाच, कारण थोडासा कार्बन जरी अडकून राहिला तरी पटलाचे विद्युत आणि प्रकाशाचे गुणधर्म बिघडतात. पीईआय निवडायचं एक मोठं कारणच हे की तो मागे फारसं काही न ठेवता निघून जातो. आणि आपण शीर्षकात लिहितोय "पॉलिमर-आधारित". मराठी वाचक हे वाचून काय समजेल? तो समजेल की प्लास्टिकची फिल्म बनवायची कृती दिसतेय.

यात वाचकाचा दोष नाही. मराठीत "आधारित" च्या आधी बहुतेक "वर" असतो, सत्य घटनेवर आधारित, आकडेवारीवर आधारित, म्हणजे ज्याच्यावर गोष्ट उभी आहे ते, आणि ते काढून घेतलं तर गोष्ट पडते. इंग्रजीतला "बेस्ड" इतका कडक नाही. वॉटर-बेस्ड रंग म्हणतात तेव्हा पाणी फक्त रंग भिंतीपर्यंत पोचवतं आणि उडून जातं, वाळलेल्या रंगात ते नसतं. पॉलिमर-बेस्ड कोटिंग सोल्यूशन मधला बेस्ड याच जातीचा आहे. शिवाय या प्रक्रियेत खरा आधार भलत्याच गोष्टीचा असतो, तो म्हणजे सबस्ट्रेटचा. लॅन्थनम अॅल्युमिनेट किंवा सफायरच्या एकस्फटिकी चकतीवर हे केलं तर वाढणाऱ्या पटलातले अणू खालच्या स्फटिकाच्या मांडणीला धरून रचले जातात, ती रचना वरपर्यंत तशीच जाते. मग एकाच परिच्छेदात "पॉलिमर-आधारित" आणि सबस्ट्रेटसाठी "आधारपृष्ठ" असे दोन्ही शब्द आले की वाचक गोंधळणार हे नक्की. मूळ नाव ठेवणाऱ्यांनी "असिस्टेड" हा शब्द घेतलाय तो नेमका आहे, पॉलिमर मदतीला येतो, काम झालं की जातो. मराठीत त्यासाठी सरळ "पॉलिमरच्या मदतीने" किंवा "पॉलिमर वापरून" म्हणा, फार औपचारिक हवं तर "पॉलिमर-साहाय्यित". द्रावणाचं वर्णन करायचं असेल तर "पॉलिमर घातलेलं" किंवा "पॉलिमरयुक्त द्रावण", हे शंभर टक्के खरं विधान आहे कारण द्रावणात पॉलिमर असतोच.

एक सावधगिरी इथेच सांगतो. "पॉलिमरचा लेप" असं चुकूनही लिहू नका. मराठीत ज्याचा लेप म्हणतो ते वाळल्यावर जागेवर राहतं, मातीचा लेप म्हटलं की माती राहते. षष्ठी लावली की तो पदार्थ शेवटपर्यंत तिथे आहे असाच अर्थ निघतो.

आता लेप, थर, पटल. लेप हा संस्कृत लिप् वरून आलाय, लिंपणं, माखणं, लिपी सुद्धा त्याच मुळातली. म्हणजे लेप या शब्दात ओलेपणा आणि लावण्याची क्रिया दोन्ही आहेत, म्हणून द्रावण टाकल्यापासून ते भट्टीत जाईपर्यंत जे काही सबस्ट्रेटवर असतं त्याला लेप हा मला अगदी चपखल शब्द वाटतो. भट्टीतून बाहेर आल्यावर मात्र तो लेप राहिलेला नसतो, त्याची जाडी खूप आकसलेली असते, रसायन बदललेलं असतं, बऱ्याचदा स्फटिक तयार झालेले असतात, तेव्हा तिथून पुढे पटल म्हणावं. पटल हा शब्द मराठीत पातळ पडद्यासाठी आधीच रुळलेला आहे, शाळेतच आपण डोळ्याचं पारपटल आणि दृष्टिपटल शिकतो, कानाचं कर्णपटल शिकतो, म्हणजे वाचकाला तो नव्याने शिकवावा लागत नाही. "सभागृहाच्या पटलावर" मधलं पटल वेगळं आहे हे खरं, पण संदर्भ इतका लांबचा की घोटाळा होणार नाही.

थर कुठे वापरायचा? ही लोकांना सगळ्यात सोपी वाटणारी पण मला सगळ्यात जपून वापरावीशी वाटणारी गोष्ट आहे. एका वेळच्या लेपातून जे पटल मिळतं ते बहुतेक वेळा काही दहा नॅनोमीटर जाडीचं असतं, जास्त जाडी हवी म्हणून एकदम दाट लेप दिला तर तापवताना तो आकसतो आणि तडे जातात, म्हणून पातळ लेप द्यायचा, तापवायचा, परत द्यायचा, परत तापवायचा असं करतात. तर हे जे परत परत देणं आहे त्याला रंगकामातला आपला सुंदर शब्द आहे "हात", रंगाचे दोन हात दिले म्हणतो तसं द्रावणाचे पाच हात दिले. मला हा शब्द शास्त्रीय लेखनात आलेला मनापासून आवडेल, पण ज्यांना तो फार बोलीतला वाटतो त्यांनी इथे थर म्हणावं, पाच थर दिले आणि २०० नॅनोमीटरचं एक पटल मिळालं. आणि जिथे खरंच वेगवेगळ्या पदार्थांची एकावर एक पटलं असतात तिथे तर थर हाच शब्द हवा, बहुथर रचना. थर म्हटला की वर-खाली दुसरं काहीतरी आहे हे आपोआप सूचित होतं, स्तर पासूनच आलाय ना तो.

मुलामा नको. तो अरबी-फारसीतून आलेला, चकाकी आणणं हा मूळ अर्थ, आणि मराठीत तो कमी किमतीच्या धातूवर भारी धातू चढवण्याशी इतका घट्ट जोडला गेलाय की त्याला वरवरचा, खोटा असाही वास लागतो. पापुद्रा तर अजिबात नको, कारण पापुद्रा सुटतो, निघतो, आणि इथे पटल सबस्ट्रेटला घट्ट धरून राहणं हेच तर साधायचं असतं. पटल सुटून आलं तर त्या बिघाडाचं वर्णन करायला मात्र "पापुद्रे निघाले" हे वाक्य उत्तम आहे.

फिल्म शब्द तसाच ठेवला तर चालेल का, असंही विचारलंय. चालेल, लॅबमध्ये सगळे फिल्मच म्हणतात, "फिल्म नीट आली का", "फिल्म क्रॅक झाली", "स्पिन कर आणि हॉटप्लेटवर ठेव". बोलण्यात तेच राहू दे. लिहिताना मला खुपतं ते "पातळ फिल्म" मधलं पातळ, ते सुद्धा फक्त एका कारणाने. मराठीत पातळ म्हणजे जाडीला कमी आणि पातळ म्हणजे पाण्यासारखं वाहतं, दोन्ही. आणि या विषयात दोन्ही अर्थ शेजारी शेजारी येतात. "द्रावण पातळ असेल तर फिल्म पातळ येते" हे वाक्य खरं आहे पण पहिल्या पातळ मध्येही दोन गोष्टी दडल्यात, धातूचं प्रमाण कमी आहे की द्रावणाचा घट्टपणा कमी आहे? त्या वेगळ्या आहेत. पॉलिमर वाढवला तर घट्टपणा वाढतो पण धातू तेवढाच राहतो, मग ओला लेप जाड बसतो आणि तापवल्यावर मात्र आकसतो जास्त. म्हणून प्रमाणासाठी विरल आणि संहत हे शाळेतलेच शब्द वापरा, वाहण्यासाठी घट्ट किंवा दाट, हवं तर श्यानता, आणि पातळ हा शब्द फक्त जाडीसाठी राखून ठेवा. एवढं केलं की "पातळ पटल" निर्धास्तपणे लिहिता येतं.

जाडीच्या बाबतीत क्रियापदंही नीट निवडायला हवीत कारण पद्धतीप्रमाणे गणित उलटं होतं. फिरवून लेप देताना वेग वाढवला की पटल पातळ होतं, जाडी साधारण वेगाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात जाते, म्हणजे चौपट वेगाला निम्मी जाडी. बुडवून वर ओढायच्या पद्धतीत वेग वाढवला की लेप जाड होतो, लांडाऊ आणि लेविच या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९४२ मध्ये त्याचं गणित दिलं, जाडी वेगाच्या दोन-तृतीयांश घाताने वाढते. त्यामुळे "वेगाने लेपन केलं" असं मोघम लिहिलं तर वाचकाला जाडी वाढली की घटली काहीच कळणार नाही, "फिरवलं" की "उपसलं" हे सांगायलाच हवं. स्पिन कोटिंग आणि डिप कोटिंगला मी फिरतं लेपन आणि बुडीत लेपन असं लिहीन, नाहीतर स्पिन आणि डिप ठेवा, फक्त दोन्हीला नुसतं "लेपन" करू नका.

द्रावण की विद्राव याचं उत्तर छोटं आहे, मराठी विश्वकोशात विद्राव आहे, शाळेच्या पुस्तकांत द्रावण, द्राव्य, द्रावक आहेत, जास्त लोक दुसऱ्यांतून शिकलेत म्हणून द्रावण. पॉलिमरला विश्वकोशातला बहुवारिक हा शब्द आहे, पण पॉलिमरच ठेवा. मात्र एक बघा, इथे द्रावण म्हणणं ही निव्वळ सोय नाही, त्यात शास्त्र आहे. पॉलिमरऐवजी धातूचं अल्कॉक्साइड, म्हणजे अल्कोहोलपासून बनलेलं संयुग, वापरलं तर टायटॅनियमच्या अल्कॉक्साइडला नुसती हवेतली ओल लागली तरी लगेच पांढरा साका बसायला लागतो, इतर धातूंचा वेग वेगळा, त्यामुळे दोन-तीन धातू एकत्र हवे असले की एक आधी बाहेर पडतो आणि प्रमाण बिघडतं. पॉलिमरने प्रत्येक आयन धरून ठेवल्यामुळे हे होत नाही, सगळं एकजीव राहतं. तेव्हा ज्या लेखात द्रावण लिहिलंय तिथे खरंच द्रावण असायला हवं, सोल-जेल पद्धतीतल्या सोल साठी ते लावू नये, ते कलिल आहे, त्यात बारीक कण आधीच तयार झालेले असतात.

पॉलिमर जळतो की नाही हाही शब्दाचाच मुद्दा आहे. हवेत तापवलं तर बराचसा जळतो, बरोबर. पण नायट्राइड हवं असेल तर अमोनियाच्या वातावरणात तापवतात, तिथे ऑक्सिजनच नसतो, मग जळणार कसा? तिथे साखळी तुटते आणि तुकडे उडून जातात. म्हणून सरसकट "जाळून टाकला" ऐवजी "विघटन होऊन निघून गेला" लिहिलं तर ते दोन्हीकडे खरं ठरतं.

राहिला नॅनो. अब्जांश हा मराठी शब्द अर्थाने अचूक आहे, अब्ज म्हणजे १०० कोटी आणि नॅनोमीटर म्हणजे मीटरचा तेवढाच भाग, पण नॅनो इतका घरोघरी पोचलाय की मी नॅनोपदार्थ लिहीन, एकत्र, मधे जागा न सोडता. तांत्रिकदृष्ट्या किमान एक मिती साधारण १ ते १०० नॅनोमीटर असेल तर नॅनोपदार्थ, म्हणजे ३० नॅनोमीटरचं पटल स्वतःच नॅनोपदार्थ आहे आणि ४०० चं नाही, शीर्षकातला "व" म्हणूनच थोडा ढिला आहे. बहुधा लेखकाला तंतू, कण, सच्छिद्र रचना म्हणायच्या असतील, आणि तिथे पॉलिमरची भूमिका बदलते. पीव्हीपी नावाचा पॉलिमर घातलेलं द्रावण जास्त व्होल्टेजखाली सुईतून ओढून तंतू काढतात तेव्हा पॉलिमरमुळे धार न तुटता तार धरते. ब्लॉक कोपॉलिमर, म्हणजे वेगवेगळ्या साखळ्यांचे तुकडे जोडलेला पॉलिमर, असेल तर तो स्वतः रांगेने जमतो आणि त्याच्या भोवती सिलिका बसते, १९९८ मध्ये सांता बार्बरामध्ये तयार झालेली एसबीए-१५ ही सच्छिद्र सिलिका त्यातली प्रसिद्ध, तिची छिद्रं ५ ते ३० नॅनोमीटरची. इथे पॉलिमरला "साचा" म्हणणं योग्य, कारण तो गेल्यावर त्याच्या आकाराची पोकळी उरते. पीएडीमध्ये साचा म्हणू नका, तिथे तो वाहून नेणारा आणि धरून ठेवणारा आहे, आकार देत नाही.

तर शीर्षक मी असं करीन, "पॉलिमरयुक्त द्रावणांतून पातळ पटलं आणि नॅनोपदार्थ". लेपन शब्द शीर्षकातून काढलाय, तो मजकुरात येईलच, आणि "निर्मिती" शिवायही अर्थ पुरा होतो. मजकुरातलं एखादं वाक्य मग असं दिसेल: "धातू धरून ठेवणाऱ्या पॉलिमरचं द्रावण सबस्ट्रेटवर फिरवून त्याचा सारखा लेप दिला, तो तापवल्यावर पॉलिमर विघटन होऊन निघून गेला आणि ऑक्साइडचं ४० नॅनोमीटर जाडीचं पटल मिळालं, असे पाच हात दिल्यावर जाडी २०० झाली." पटलचं अनेकवचन बोलीत पटलं, लेखी पटले, लेखाची बाकी भाषा जशी असेल तसं घ्या.