महिना किती?

चि. भाचीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा रात्री साडेअकराचा मेसेज सकाळी वाचला. 'मामा, मला पैसे सांभाळताच येत नाहीत' हे वाक्य तेवढं पटलं नाही. तीन हप्ते चालू आहेत, कार्डावर बाकी आहे, सगळं खरं. पण सगळं खापर स्वतःच्या डोक्यावर फोडून घेऊ नकोस. मी एकतीस वर्षं पतसंस्थेत कर्जाच्या टेबलावर काढली. माणूस कर्जात कसा रुतत जातो ते पाहिलंय आणि खरं सांगायचं तर त्याला हातभारही लावलाय. समोरचा विचारायचा, "साहेब, एवढा हप्ता झेपेल का?" मी मुदत तीन वर्षांची पाच करायचो, हप्ता खाली यायचा, त्याचा चेहरा खुलायचा. एकूण व्याज किती वाढलं ते मी बोलायचो नाही. त्यानं विचारलेलंच नसायचं ना!

आता तेच काम तुझ्या मोबाइलवरचं एक बटण करतं. तुझा तो साठ हजारांचा फोन घे. 'नो कॉस्ट', बारा हप्ते, पाच-पाच हजार. बँक फुकट पैसे वाटते असं तुला खरंच वाटलं? १५ टक्के दर धरला तर तुझ्या नावावर कर्ज पडतं साधारण ५५,४०० रुपयांचं. वरचे ४,६०० हे व्याज, आणि तेवढीच सवलत विक्रेत्यानं आधी कापून दिली म्हणून ते दिसत नाही. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८३० रुपये, तुझ्याच खिशातून गेला. प्रोसेसिंग फी वेगळी. रोखीनं घेणाऱ्याला ती सवलत बहुतेक वेळा कोणी देत नाही, म्हणून ती तोंड उघडून मागायची. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही, असं रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात साफ सांगितलं होतं. बाजारानं काय केलं? पाटी बदलली.

कार्डावरची 'किमान रक्कम' भरून तू निर्धास्त झोपतेस, ते मात्र आजपासून बंद. उरलेल्या बाकीवर अनेक कार्डं महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास लावतात, म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर. शिवाय बाकी असताना केलेल्या नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज चढतं. गावच्या सावकाराला एवढा दर सांगताना निदान इकडेतिकडे बघावं लागायचं.

आणि वस्तू लवकर जुनी होते, यातही तुझी चंचलता किती आणि कारखान्याची सोय किती, ते बघ. १९२४ च्या अखेरीस जगातल्या बड्या बल्ब कंपन्या जिनिव्हात एकत्र आल्या. तेव्हा दीड-दोन हजार तास चालणारे दिवे बनत होते. यांनी ठरवलं, हजार तास पुरे. कोणाचा दिवा जास्त टिकला तर त्या कंपनीलाच दंड!

आमचा मिक्सर २००१ सालचा. मागच्या आठवड्यात चटणी वाटताना ठिणग्या उडायला लागल्या. दुकानदार म्हणाला, "काका, जुना द्या, नवा घ्या, महिना फक्त चारशे." मी घरी येऊन खालचं झाकण उघडलं. मोटारीला वीज पोचवणारे कार्बन ब्रश झिजून नखाएवढे उरले होते, बाकी मोटार ठणठणीत. देशाच्या उत्पन्नात भर पडते ती नव्या मिक्सरनं; ब्रश बदलल्याची तिथं नोंद झालीच तर दीडशे रुपयांची. माझ्या हिशोबात ती मोठी आहे.

तर तू एक कर. कार्डाची बाकी आधी संपव, लागलं तर मी देतो, बिनव्याजी (खरोखरच). फोन आता घेतलाच आहेस, तर चार वर्षं वापर, बॅटरी बदलून घे. पुढची वस्तू घेताना पूर्ण किंमत लिही आणि तिला तुझ्या रोजानं भाग. महिन्याला छत्तीस हजार हातात येतात, म्हणजे दिवसाचे बाराशे. हा फोन पन्नास दिवसांचा पडला. पन्नास दिवस म्हटल्यावरही हवासा वाटला तर खुशाल घे, मी अडवणार नाही.

रविवारी ये. तीन महिन्यांची स्टेटमेंटं छापून आण, मोबाइलवर मला शून्यं दिसत नाहीत. मामी थालीपीठं लावणार आहे.

तुझा,
मामा

ता. क. येताना बाजारातून कार्बन ब्रशची जोडी आणशील का? जुन्याचा फोटो पाठवलाय, माप बघून घे.