पहिलीचा वर्ग मिळालाय ना, मॅडम?

मग पहिले काही दिवस पुस्तक कपाटातच राहू द्या. घरी कोण कोण असतं, शेळीला किती करडं झाली, ते ऐका. पोर घरच्या बोलीत बोललं तर ‘नीट बोल’ म्हणून अडवू नका. एकदा गप्प बसलेलं पोर बोलतं करायला फार वेळ जातो.

गणिताला चिंचोके आणि काड्या. दहा काड्या मोजून रबर लावायचं काम पोरांनाच द्या, आयते गठ्ठे देऊ नका. ‘चौतीस’ म्हणताना चार आधी ऐकू येतो, म्हणून पोरं ४३ लिहितात. लाल रेघ मारण्याऐवजी ‘चौतीस काड्या आण’ म्हणा. तीन गठ्ठे, चार सुट्या समोर मांडल्या की चूक त्यांची त्यांनाच दिसते.

साताऱ्याच्या कुमठे बीटातल्या (बीट म्हणजे एका अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट) शाळा बघून अनेकांनी वर्गाच्या फरशांवर अक्षरं, आकडे रंगवले. रंगवा, पण पोरं त्यावर बसून खेळणार असतील तरच. साहेबांच्या भेटीपुरतं नको.

छडी तर शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम १७ नुसार बंदच आहे. मानसिक छळही त्यातच येतो, तेव्हा चारचौघांत ‘ढ’ म्हणणं आजपासून बंद. परिपाठाला उशिरा आलेल्या पोराला दाराशी उभं करू नका; धाकटं भावंड सांभाळून आलेलं असतं.